साडेसात इंच

अक्षय्यतृतीयेला सुरू झालेली चर्चा दसऱ्याच्या तोंडापर्यंत चालली. एवढ्या अवधीत पिंपळगाव राजात सोयाबीन पेरलं गेलं, उगवलं, त्यावर दोनदा अळी येऊन गेली आणि ते कापणीलाही आलं. पण रमाकांतरावांच्या मुलाची गाडी मागच्या दोन चाकांच्या जोरावर पळावी की चारही चाकांच्या, हे काही ठरेना. गाडी अजून घेतलेली नव्हती, ही वेगळी गोष्ट.

मुलगा म्हणजे धवल. खामगावात त्याची शिकवणी होती. शिकवणी म्हटलेलं त्याला चालत नसे, तो अकॅडमी म्हणे. डॉक्टर होऊ इच्छिणारी आणि आईबापांच्या इच्छेपायी होऊ पाहणारी साडेतीनशे पोरं तिथं सकाळी सहापासून बाकांवर डुलक्या घेत. निकाल लागला की चौकात फलक लागे. त्यावर पास झालेल्या पोरांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि धवलचा दाराएवढा. यंदा त्याला फलकावर स्वतःच्या शेजारी गाडी हवी होती. साधी नव्हे, स्पोर्ट्स सेडान. दारं चार, पण पळणं दोन दारांच्या गाडीचं. म्हणजे आईवडिलांना मागं बसवायची सोय, आणि बसवून घाबरवायचीही.

रमाकांतराव खामगावच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. नोकरीनं त्यांना दोन सवयी लावल्या होत्या. एक, प्रत्येक कागद फाइलला लावायचा. दोन, अर्जात जेवढं विचारलं असेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. दुसऱ्या सवयीनं चौतीस वर्षांत किती लोकांचं नुकसान झालं याची नोंद कुठल्याच फाइलला नव्हती.

तर अक्षय्यतृतीयेला जावई जेवायला आले होते. निवेदिताचे यजमान चिन्मय पुण्यात 'गाड्यांच्या क्षेत्रात' होते. म्हणजे गाड्या बनवणाऱ्या कंपनीत नव्हे. त्या कंपनीला सुट्या भागांच्या याद्या ठेवायचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीत. ते स्वतः एक जुनी छोटी गाडी चालवत, तीही पुढच्या चाकांवर चालणारी, आणि तिच्याबद्दल बोलायची वेळ आली की घरातल्या वाया गेलेल्या काकाबद्दल बोलावं तसा आवाज खाली आणत.

"मागच्या चाकांवरची गाडी म्हणजे बैठकीतलं गाणं, बाबा," पुरणपोळीवर तूप घेत चिन्मय म्हणाले. "पुढच्या चाकांनी फक्त वळायचं, मागच्यांनी फक्त ढकलायचं. स्टिअरिंग हातात कसं बोलतं! आणि ऑल-व्हील म्हणजे लग्नातला बँड. सगळे एकदम वाजवणार."

"पण बँड असला की वरात पुढे सरकते न भाऊजी," धवल म्हणाला. "एवढी पॉवर दोनच चाकांत टाकली तर ओल्यात मागचं सारं फिरून जाते."

"अरे, तीच तर मजा! वळणावर शेपूट जरासं बाहेर पडतं, आपण हलकेच सावरायचं..."

"कोणत्या वळणावर?" रमाकांतरावांनी विचारलं.

खामगावपासून घरापर्यंतची वळणं तिघांनी मनातल्या मनात मोजली. एकावर दुपारभर म्हशी बसत. दुसऱ्यावर हंगामात कापसाची एक तरी ट्रॉली कलंडलेली असे.

गोपाल तेव्हा खिडकीतल्या कूलरचा स्टँड जोडत होता. कोपऱ्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान. या गल्लीतलं सगळं लोखंड त्याच्याच हातचं. त्यानं तोंडावरचा काळा चष्मा वर केला.

"भाऊ, मंग बैलगाडी कोन्त्या ड्राइव्हची झाली?"

"बैल समोर राह्यते," धवल म्हणाला. "म्हणजे फ्रंट."

"अन् टॅक्टर?"

"रिअर!" चिन्मय पाटावरून अर्धे उठले. "ट्रॅक्टर रिअर-व्हीलच असतो!" घरातलं कुणी दिल्लीला परेडमध्ये दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"मंग तोच घ्या न," गोपाल म्हणाला. "सुटीच्या दिवशी नांगर बी लावता येते."

रमाकांतरावांच्या पत्नी शकुंतलाबाई स्वयंपाकघरात हसल्या. त्यांचं हसू ऐकू येई, पण त्या उठून येत नसत. उठायचं म्हणजे आधी वॉकर जवळ ओढायचा, मग दोन्ही हातांवर भार द्यायचा, मग पाय. तीन वर्षं झाली होती.

रमाकांतरावांनी ताक संपवलं आणि विचारलं, "धवल, ही गाडी जमिनीपासून किती उंच राहील?"

मुलानं आणि जावयानं त्यांच्याकडे सारख्याच दयेनं पाहिलं. सबंध दिवसात दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत.

"बाबा, स्पोर्ट्स सेडान आहे ती," धवल म्हणाला. "जितकी खाली तितकी चांगली."

"रस्त्याला चिकटून पळते," चिन्मयनी भर घातली.

"अस्सं," रमाकांतराव म्हणाले आणि हात धुवायला उठले.

संध्याकाळी धवल विसरून गेलेलं गाडीचं गुळगुळीत पुस्तक त्यांनी चाळलं. पहिल्या वीस पानांत डोंगर, समुद्र आणि दाढीवाला एक गोरा माणूस होता. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, जमिनीपासूनची उंची होती: एकशे अडतीस मिलिमीटर, गाडी रिकामी असताना. रमाकांतरावांनी पेन्सिल काढून समासात भागाकार केला. ५.४३ इंच. त्याखाली ७.५० लिहिलं. मग पुस्तक मिटलं, त्याला भोक पाडलं आणि फाइलला लावून टाकलं.

हे साडेसात काय होते, ते सांगायला पाहिजे.

घर रस्त्यावरच होतं. समोर, रस्त्याच्या पलीकडे, मंजुळाबाईंचं घर. मंजुळाबाईंची नजर साखरेच्या आजारानं गेली तेव्हापासून शकुंतलाबाई रोज दुपारी चारला पेपर घेऊन तिकडे जात आणि त्यांना वाचून दाखवत. आधी मयतीच्या बातम्या, मग भविष्य, वेळ उरला तर राजकारण. खामगावकडून येणारा रस्ता तिथं उताराचा. तीन वर्षांपूर्वी त्या उतारावरून एक मोटारसायकल आली आणि शकुंतलाबाईंना पेपरासकट आठ फूट लांब टाकून गेली. खुबा मोडला. मोटारसायकलवाला अजून सापडायचा आहे.

त्या आठवड्यात धवल वेडापिसा झाला होता. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यानं गतिरोधकाचा पहिला अर्ज लिहिला. पुढचे सोळा अर्ज रमाकांतरावांनी लिहिले. तीन कचेऱ्या झाल्या. एकीनं सांगितलं, रस्ता आमचा नाही; दुसरीनं सांगितलं, रस्ता आमचा आहे पण उतार आमचा नाही; तिसरीनं पोच दिली. शेवटी एका रविवारी गल्लीनं तो स्वतःच बांधला. घराघरातून सिमेंट आलं, गोपालनं सळया वाकवल्या, रमाकांतरावांनी फूटपट्टी धरली. रुंदी दोन फूट, उंची साडेसात इंच. अधिकृत नव्हता, पण मजबूत होता. अधिकृत कामांत बहुधा याच्या उलट असतं.

तेव्हापासून या गतिरोधकापुढे झाडून सगळे नमत. टिप्पर नमे, एसटी नमे, आमदारकीची इच्छा असलेल्यांच्या गाड्या नमत. येणारी-जाणारी वाहनं ब्रेक मारून मारून दोन्ही बाजूंना रस्त्यात खोलगे पडले होते, त्यामुळे तो दिसे त्यापेक्षाही उंच लागे. आणि शकुंतलाबाई चार वाजता वॉकर टेकवत पलीकडे जात. बेचाळीस पावलं. रमाकांतराव ओट्यावरच्या खुर्चीत बसून मोजत. मोजतो आहोत हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं.

तर असे ते साडेसात इंच. धवल दर रविवारी जुन्या गाडीतून त्यावरून धडकन् येई, आणि गाडीतून उतरताच मागची चाकं की चारही, हे पुन्हा सुरू करी.

पावसाळ्यात त्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर मतदान घेतलं. चारही चाकांना सतरा मतं पडली, मागच्यांना नऊ, आणि जळगाव जामोदच्या एका मामींनी 'शुभ सकाळ' पाठवलं. चिन्मयना निकाल मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, ज्यांनी मतं दिली त्यांतल्या निम्म्यांना गाडीची चाकं नेमकी किती हेही ठाऊक नसावं. धवलनं मग अकॅडमीतल्या फळ्यावर दोन रकाने पाडले आणि रसायनशास्त्राच्या तासाला पोरांकडून मुद्दे मागवले. पोरांनी त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वही काढली.

भाद्रपदात दोघं नागपूरला जाऊन दोन्ही गाड्या चालवून आले. येताना फोनवर फोन.

"बाबा, जमीन-अस्मानाचा फरक आहे," चिन्मय म्हणाले. "मागच्या चाकांच्या गाडीत जीव आहे हो. दुसरी आपली सरकारी नोकरासारखी, सुरक्षित."

"दुसरी रस्त्याले धरून बसते बाबा," धवल म्हणाला. "पहिली मले जरा नाचरीच वाटली."

चार दिवसांनी सुनेचा, हिमानीचा, फोन आला. ती अकॅडमीचा कारभार पाही, म्हणजे प्रत्यक्षात अकॅडमी तीच चालवी.

"बाबा, हसू नका. शोरूमवाल्याचा माफीचा फोन आला होता. त्या दिवशी मागच्या चाकांवरची गाडी त्यांच्याकडे नव्हतीच. ह्या दोघांनी एकच गाडी दोनदा चालवली."

"धवलले सांगितलं का?"

"सांगितलं. म्हणाला, तरीच."

रमाकांतराव हसले नाहीत. त्यांनी फक्त कूलर बंद केला, कारण खोलीत एकाएकी बरंच गार वाटू लागलं होतं.

अखेर चारही चाकांची ठरली. का ठरली, तर छापखानेवाल्यानं फलकाचं वाक्य सुचवलं: 'यशाच्या मार्गावर, चारही चाकांनी!' सहा महिन्यांच्या अभ्यासाचा निकाल छापखानेवाल्यानं अर्ध्या मिनिटात लावला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शकुंतलाबाईंनी फोन केला. या घरातला रिवाज असा की नवं वाहन, मग ती सासऱ्यांची सायकल असो की धवलची स्कूटर, आधी घराच्या दारात यायचं. दारातल्या बाईनं ओवाळायचं, नारळ फुटायचा, चाकाखाली लिंबं चिरडायची, आणि मगच ते कामाला लागायचं. दारात न आलेलं वाहन घरचं नव्हे.

"धवल, लिंबं दोन ठेवू का चार?"

धवल गंभीरपणे म्हणाला, "चार, आई. ऑल-व्हील आहे."

रमाकांतराव ओट्यावर बसून हे ऐकत होते. तोंडाशी शब्द आले होते. फूटपट्टी हाताशी होती, फाइल हाताशी होती, फोन हाताशी होता. पण त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. एकदा त्यांनी स्वतःहून विचारलं, तर 'जितकी खाली तितकी चांगली' असं लेखी नसलं तरी तोंडी उत्तर मिळालेलं होतं. प्रकरण निकालात निघालं होतं. त्यांनी वाती वळायला घेतल्या.

दसऱ्याला अकराच्या सुमारास गाडी आली. आधी आवाज आला. पोटात दुखणाऱ्या वाघाचा असतो तसा. मग उतारावर ती दिसली: निळी, चपटी, झेंडूच्या माळा घातलेली, रस्त्यावर पालथी पडल्यासारखी. धवल चालवत होता, शेजारी चिन्मय, मागं हिमानी आणि निवेदिता. गल्ली ओट्याओट्यांवर उभी होती. शकुंतलाबाई ताट घेऊन दारात, वॉकरवर.

गतिरोधकाच्या अलीकडे धवल थांबला. एवढे दिवस दर रविवारी ज्यावरून गेला तो गतिरोधक त्यानं बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"तिरपी घे, तिरपी," चिन्मय खिडकीतून डोकं काढून म्हणाले.

तिरपी घ्यायला जागा नव्हती. एका बाजूला मंजुळाबाईंचा ओटा, दुसऱ्या बाजूला नाली. मागून फिरून यायचं तर बाजारगल्ली, तिथून भाजीची हातगाडीसुद्धा कुणाचा तरी शर्ट फाडून जाते.

"हळूच घे. काही होत नाही," चिन्मय म्हणाले.

पुढची चाकं चढली. बंपरखालून कर्र असा आवाज आला, मंजुळाबाईंनी कानांवर हात ठेवले. पुढची चाकं पलीकडच्या खोलग्यात उतरली आणि गाडी पोटावर बसली. खाली, सावकाश, म्हशीनं डबक्यात बसावं तशी.

धवलनं जोर दिला. चारही चाकं फिरली. चारही चाकांनी धूळ उडवली, मुरूम उडवला, एका चाकानं झेंडूची माळ ओढून घेतली आणि गोपालच्या तोंडावर फेकली. गाडी तसूभर हलली नाही.

"चारी बी फिरून राह्यले भाऊ," गोपालनं माळ गळ्यातून काढत कळवलं. "एक बी नाटक नाई करून राह्यलं. चाकाइचा दोष नाई."

"सगळे उतरा," चिन्मय म्हणाले. सगळे उतरले. गाडी अर्ध्या इंचानं उचलली गेली. पोट अजून सिमेंटवरच होतं. आतून काहीतरी थेंब थेंब गळायला लागलं होतं आणि ते पाणी नव्हतं.

वीस मिनिटांत खामगावकडून दोन टिप्पर, एक एसटी आणि आपट्याची पानं भरलेली रिक्षा येऊन उभी राहिली. पलीकडून तीन ट्रॅक्टर. हॉर्न सुरू झाले. धवलचा चेहरा त्याच्या फलकावरच्या चेहऱ्यासारखा राहिला नाही. त्यानं शर्टाच्या बाह्या सारल्या आणि म्हणाला,

"गोपाल, घण आण."

"कायले?"

"हा मधला भाग फोड. दोन फूट फोडला तरी गाडी निघते. उद्या मी स्वतः माणसं लावून बांधून देतो."

गोपालनं रमाकांतरावांकडे पाहिलं. मग दुकानाकडे गेला आणि घण घेऊन आला. गर्दीत उत्साह पसरला. यांतल्या गल्लीच्या प्रत्येक माणसानं त्या रविवारी सिमेंट दिलं होतं, पाणी मारलं होतं. पण बांधताना इतकं माणूस जमलं नव्हतं.

"तोडा न काका," पहिल्या टिप्परचा डायव्हर ओरडला. "नाई तरी लई वर झाला हा. स्प्रिंगचे पाटे तुटतात आमचे."

"हाव, अन् उद्या बांधू न," दुसरा म्हणाला. तो उद्या कुठं असेल ते त्यालाच ठाऊक. तो दुसरबीडचा होता.

रमाकांतराव खुर्चीतून उठले नव्हते. सहा महिने त्यांनी या क्षणाची वाट पाहिली होती, हे त्यांना नाकारता आलं नसतं. गाडी अडकेल, जावयाचं गाणं थांबेल, मुलाचा अभ्यास धुळीला मिळेल, आणि आपण वाटीभर चिवडा घेऊन पाहू, असं त्यांनी ठरवलं होतं. चिवडा आतच राहिला. मुलगा घामानं निथळत होता आणि घण गतिरोधकावर टेकलेला होता, हे त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं.

उद्या बांधून देतो. हे वाक्य त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. नोकरीत त्यांनी स्वतः ते हजारदा लिहिलं होतं: 'योग्य ती कार्यवाही लवकरच करण्यात येईल.' एकदा फुटलेला गतिरोधक परत बांधला जात नाही. गाडी जाते, माणसं पांगतात, आणि उतार तेवढा तिथंच राहतो.

"तोडू द्या हो," शकुंतलाबाई दारातून म्हणाल्या. "पोराची नवी गाडी आहे. सणाचा दिवस आहे. सारं गाव पाहून राह्यलं."

"अन् उद्या चार वाजता?"

"माझं काय. जाईन मी बरोबर. नाई तर नाई गेली. मंजुळा काय पेपरावाचून मरून राह्यली का."

पलीकडच्या ओट्यावरून मंजुळाबाई म्हणाल्या, "शकुंतले, मले ऐकू येते बरं. डोळे गेले आहेत, कान नाई."

रमाकांतराव उठले, आत गेले. "थांब जरा गोपाल," एवढंच जाताना म्हणाले. परत आले ते फाइल घेऊन. हिरवी, लाल नाडीची. ती त्यांनी गाडीच्या निळ्या बॉनेटवर ठेवली, नाडी सोडली आणि तळातला, पहिल्या अर्जाला जोडलेला कागद काढून धवलच्या हातात दिला.

"वाच."

"बाबा, ही काय वेळ आहे का?"

"तुझंच अक्षर आहे. वाच."

"मोठ्यानं वाच न भाऊ," गोपाल घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून म्हणाला. "आम्हाले बी कळू दे."

साडेतीनशे पोरांना माइकशिवाय शिकवणारा धवल गृहपाठ न आणलेल्या पोरासारखा वाचू लागला. "आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी असे ठरवतो की, सदर ठिकाणी गतिरोधक झाल्यावर तो कोणत्याही वाहनाच्या सोयीसाठी, कोणत्याही कारणाने, तोडू देणार नाही अथवा त्याची उंची कमी करू देणार नाही. वाहन लहान असो वा मोठे, परक्याचे असो वा..." इथं तो थांबला.

"वा?" टिप्परचा डायव्हर म्हणाला. त्यालाही आता गोडी लागली होती.

"...वा आमच्या स्वतःच्या घरचे." खाली तारीख होती, आईच्या ऑपरेशनची. पहिली सही धवलची. चौथी गोपालची, वंगणाच्या अंगठ्यासकट. एकूण तेवीस.

"गोपाल," रमाकांतराव म्हणाले, "तुझी सही खोटी आहे का?"

"नाई बा."

"मग घण कायले आणला?"

गोपालनं घणाकडे असं पाहिलं की तो आपल्या हातात कुणी दिला हे शोधावं लागेल, आणि तो गुपचूप नालीच्या कडेला आडवा ठेवला.

धवलनं कागद घडी केला. "तुम्हाले माहीत होतं न बाबा? गाडी इथं बसते म्हणून?"

"हो."

"कधीपासून?"

"अक्षय्यतृतीयेपासून."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तू विचारलं, मागची का चारही. उंचीचं मी विचारलं होतं. तू म्हणाला, जितकी खाली तितकी चांगली. तशीच आहे."

उत्तर बिनचूक होतं. आवक-जावकला लागेल असं. आणि ते ऐकून मुलाच्या तोंडावर जे आलं ते पाहून रमाकांतरावांना चौतीस वर्षं खिडकीपलीकडे उभी राहिलेली तोंडं ओळीनं आठवली. त्यांनी फाइलची नाडी बांधायला घेतली आणि ती दोनदा चुकली. "सांगायला पाहिजे होतं," ते हळू म्हणाले. जावक क्रमांक नसलेलं त्यांचं हे बहुधा पहिलंच वाक्य.

"बांबू आणा," गोपाल म्हणाला.

मांडववाल्याकडून चार बांबू आले. टिप्परवाले उतरले, एसटीचा कंडक्टर उतरला, एकूण चौदा माणसं लागली. चिन्मय 'हळू, सिलला लागेल, सिलला लागेल' करत भोवती फिरत होते; सिल म्हणजे काय हे चौदांपैकी कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. मारुतीचं नाव घेऊन त्यांनी गाडी उचलली आणि आली तशी मागं, उताराच्या बाजूला नेऊन ठेवली.

"भाऊ," पाठ सरळ करत गोपालनं धवलला विचारलं, "हे कोन्तं ड्राइव्ह झालं?"

धवल हसला नाही. पण त्यानं शिवीही दिली नाही, यावरून गोपालनं समजून घेतलं.

मग शकुंतलाबाई निघाल्या. ताट हिमानीच्या हातात, दोन्ही हात वॉकरवर. गतिरोधकाला वळसा घालून त्या गाडीपर्यंत गेल्या. रिवाजानं गाडी दारात यायला हवी होती. ती आली नाही तर दार गाडीपाशी गेलं. दोन्हीकडे टिप्पर, ट्रॅक्टर, एसटी निमूट उभे. त्यांनी ओवाळलं, कुंकू लावलं, चार चाकांशी चार लिंबं ठेववली. इंजीन बंद होतं, त्यामुळे लिंबं चिरडायलाही माणसांनीच गाडी ढकलली.

"रस्ता इतका निवांत तीन वर्षांत पाह्यला नाई," त्या म्हणाल्या, आणि आलोच आहोत तर म्हणून पलीकडे मंजुळाबाईंकडे सोनं द्यायला गेल्या.

गाडी त्या रात्री गोपालच्या दुकानापुढे राहिली. सकाळी तिला न्यायला मोठा ट्रक आला, सपाट पाठीचा, आणि ती त्यावर चढून खामगावला गेली. ट्रक मागच्या चाकांवरचा होता.

ट्रक गेल्यावर रमाकांतरावांनी फूटपट्टी काढली. गाडीच्या पोटानं गतिरोधकाचा माथा खरवडला होता. सव्वासात. त्यांनी घमेल्यात थोडं सिमेंट कालवलं, थापीनं लावलं, पुन्हा मोजलं. चारी बाजूंनी विटा ठेवून वर ओलं पोतं टाकलं.

ओट्यावर धवल आणि चिन्मय चहा घेत बसले होते. चिन्मय म्हणाले, "मागच्या चाकांची असती, तर पन्नास-साठ किलो हलकी असती ना. तेवढीच वर बसली असती."

"किती वर?"

"दोन-तीन मिलिमीटर तरी."

"तरी अडकली असती भाऊजी. उलट चारही चाकांची म्हणून पुढची तरी चढली."

"पुढची चढली ती चढायला नकोच होती! रिअर असती तर मागची आधीच घसरली असती, आपण थांबलो असतो..."

रमाकांतरावांनी थापी धुतली. त्यांना पुन्हा काही विचारलेलं नव्हतं. या वेळी त्यांच्याकडे सांगायलाही काही नव्हतं.

चार वाजता शकुंतलाबाई पेपर काखेत घेऊन बाहेर आल्या. उतारावरून एक मोटारसायकल भन्नाट येत होती. पोतं, विटा आणि त्यामागचा उंचवटा दिसताच तिचा ब्रेक किंचाळला, ती रांगत आली, वर चढली, खाली आपटली, आणि चालवणारा पोरगा शिव्या देत निघून गेला. वॉकर रस्त्यावर टेकला.

"बाबा," धवलनं मागून विचारलं, "तुम्हाले काय वाटते? मागची का चारही?"

"बावीस," रमाकांतराव म्हणाले. "गप्प बस जरा. तेवीस."